फौजी भावासाठी चाकू घेताय? आधी मूठ बघा

प्रश्न : सर नमस्कार, माझा धाकटा भाऊ पायदळात आहे, दोन महिन्यांनी त्याची तुकडी खूप उंचावर बर्फाच्या भागात चाललीय. या राखीला त्याला मजबूत चाकू द्यायचा असं आम्ही बहिणींनी ठरवलंय, न दुमडणारा, फिक्स ब्लेड म्हणतात तो. ऑनलाइन एक बघून ठेवलाय, पातं दहा इंच, पाठीवर करवतीसारखे दात, मुठीच्या टोकाला होकायंत्र आणि मूठ आतून पोकळ, त्यात काड्या, गळ वगैरे राहतं. दिसायला जबरदस्त आहे. बजेट चार हजारांपर्यंत. घेऊ का?
— एक बहीण, सातारा जिल्हा

उत्तर : ताई, तो घेऊ नका. आणि आधी एक सांगतो, भाऊ नेमका कुठं चाललाय ते तुम्ही पत्रात लिहिलं होतं, ते मी काढून टाकलंय, इथून पुढं कुणालाच लिहून कळवू नका, व्हॉट्सॲपवर पण नको.

आता चाकूचं. मी पायदळात २२ वर्षं काढली, तेव्हा खात्रीनं सांगतो की जवानाचा चाकू लढायला कमी आणि कामाला जास्त लागतो. गोठलेल्या दोरीची गाठ सुटत नाही म्हणून कापायची, रेशनच्या खोक्यांच्या पट्ट्या तोडायच्या, डबा फोडायचा, सरपणाच्या बारीक ढलप्या काढायच्या, कुणाला लागलं तर बुटाची नाडी नाहीतर पँट फाडून जखम मोकळी करायची, ही रोजची कामं. यातल्या एकालाही दहा इंचाचं पातं लागत नाही. चार ते पाच इंच बास होतं. स्वीडनच्या हवाई दलानं १९९५ मध्ये वैमानिकांसाठी जो चाकू निवडला, फॉलक्निवेन एफ१, त्याचं पातं ९७ मिलिमीटर आहे, म्हणजे चार इंचही नाही, आणि तिकडची थंडी काय साधी नसते. पण जाडी बघा, साडेचार मिलिमीटर. लांबी कमी, जाडी भरपूर, हे डोक्यात ठेवा.

तुम्ही बघितलेल्या चाकूची खरी गोची मुठीत आहे. मूठ पोकळ म्हणजे पात्याचं लोखंड आत जेमतेम इंचभर जातं आणि तिथं नटानं किंवा गोंदानं धरलेलं असतं. लाकडात पातं अडकलं आणि तुम्ही बाजूला जोर दिला की तिथूनच जातो. माझ्या एका जोडीदाराचा असाच तुटला, पातं लाकडात आणि मूठ याच्या हातात, नशीब की बोटं वाचली. म्हणून फुल टँग बघा, म्हणजे पात्याचंच लोखंड मुठीच्या शेवटापर्यंत सलग गेलेलं पाहिजे. आता कुणी म्हणेल की अमेरिकन मरीनांनी १९४२ मध्ये घेतलेल्या का-बार चाकूची मुठीतली पट्टी तर अरुंद आहे आणि तो अजून चालतोय, बरोबर आहे, पण ती पट्टी शेवटपर्यंत जाऊन मागं टोपणाला पक्की बसवलेली असते आणि काम नेटकं असतं. स्वस्तातल्या चाकूत आत काय आहे ते दिसत नाही, मग सलग लोखंडच घ्यावं.

बर्फासाठी अजून एक गोष्ट, जी दुकानदार सांगत नाही. फुल टँगच्या कित्येक चाकूंना मुठीच्या कडेनं लोखंड उघडं असतं, दोन्ही बाजूंना फक्त पट्ट्या बसवलेल्या. मैदानी भागात काही फरक पडत नाही पण उणे वीस-तीसमध्ये उघड्या धातूला उघडा हात लागला तर कातडी चिकटते, सोलून निघते. तेव्हा सलग लोखंडावर चारी बाजूंनी रबर चढवलेली मूठ घ्या, पुढं बोट घसरू नये म्हणून चांगला उंच ओठ असलेली, आणि मागं दोरी ओवायला भोक पाहिजे, बर्फात पडलेली वस्तू सापडत नाही. दुकानात जाताना घरातले लोकरीचे जाड हातमोजे घेऊन जा. ते घालून डोळे मिटून दहा वेळा चाकू म्यानातून काढा, परत घाला. नवव्या वेळेला पण अडखळत असेल तर तो तिथंच ठेवा. मग म्यान उलटं धरून जोरात झटका, चाकू पडता कामा नये आणि खुळखुळता पण कामा नये. म्यानाला लोक काहीच किंमत देत नाहीत, पण माझ्या पाहण्यात चाकू तुटण्यापेक्षा सैल म्यानातून हरवतातच जास्त.

स्टीलमध्ये फार खोलात जाऊ नका. थंडीत लोखंड ठिसूळ होतं म्हणून अतिकडक, महागड्या स्टीलच्या मागं लागायचं कारण नाही. बाहेरून गार पातं तंबूत आणलं की त्यावर पाणी धरतं, त्यामुळे भावासाठी स्टेनलेस बरं. पण नुसतं 'स्टेनलेस' किंवा नुसतं '४४०' लिहिलेलं असेल तर विचारा, ४४०ए का ४४०सी, दोन्हीत कार्बनचा बराच फरक आहे. १४सी२८एन हे स्वीडिश स्टील चांगलं, मोरा या चाकू कंपनीच्या गारबर्ग चाकूला तेच असतं, तो फुल टँग आहे, रबर नाही पण मूठ प्लास्टिकची आहे, मात्र पाठीमागं टोकाला थोडं लोखंड उघडं राहतं, तिथं टेप गुंडाळायचा. बजेटमध्ये बसला तर बघा, नाही बसला तर मी सांगितलेल्या खुणांचा कुठलाही चालेल. पाठीवरचे करवतीचे दात नकोतच, त्यांनी लाकूड धड कापलं जात नाही आणि पाठीवर हात देऊन जोर लावायची सोय जाते.

कायद्याचं पण ऐका. नऊ इंचाहून लांब किंवा दोन इंचाहून रुंद पातं असलेला चाकू, जो घरकामाचा, शेतीचा किंवा कारखान्याचा नाही, तो शस्त्र कायद्याच्या नियमांत शस्त्र म्हणून येतो. तुमचा दहा इंची सरळ त्यात बसतो. विमानानं जाणार असेल तर चाकू हातातल्या बॅगेत नाही, चेक-इनच्या बॅगेत गुंडाळून. आणि सगळ्यात आधी भावाला फोन करून विचारा की स्वतःचा चाकू बाळगायला वरिष्ठांची परवानगी आहे का, काही ठिकाणी चालतं, काही ठिकाणी नाही, नाहीतर तुमचे पैसेही जातील आणि त्याला बोलणीही बसतील.

प्रश्न : काका, आमचा मुलगा आसाम बाजूला आहे. १०९५ स्टीलचा चाकू घेतला होता, सुट्टीला आला तर पात्यावर लाल गंज आणि चामड्याच्या म्यानाला बुरशी. माल खराब निघाला का?
— सिंधुदुर्ग

उत्तर : माल खराब नाही. १०९५ म्हणजे साधं कार्बन स्टील, धार सुंदर घेतं, दगडावर पाच मिनिटांत लागते, पण क्रोमियम नसल्यात जमा म्हणून पाऊसपाण्यात गंजणारच. तुमच्याकडं कोकणात विळा पावसाळ्यात काय होतो ते तुम्ही रोज बघताच की. गंज बारीक पॉलिश पेपरनं काढा, पातं साबणानं धुऊन गरम व्हिनेगरचा हात द्या, करडा काळपट थर येईल, तो राहू द्या, तो पुढच्या गंजाला बराच आवर घालतो. चामड्याच्या म्यानात चाकू कायमचा ठेवायचा नाही, चामडं ओल धरून ठेवतं, तिथं प्लास्टिकचं म्यान घ्या, तळाला पाणी निघायला भोक असलेलं. रोज संध्याकाळी पुसून शिवणयंत्राच्या तेलाचं एक बोट. खोबरेल चालेल का असं बरेच जण विचारतात, घरी चालेल, पण ते २४ अंशांच्या आसपास थिजतं, हिवाळ्यात पात्यावर मेणासारखं बसतं आणि म्यानात माती धरतं.

प्रश्न : गावात ओळखीचा लोहार आहे, तो ट्रकच्या कमानपाट्यातून चाकू करून देतो म्हणतो. फौजेत चालेल असा होईल का?
— बीड

उत्तर : होईल, आणि मला मनापासून आवडेल. नेपाळात गोरखा लोकांच्या खुकऱ्या ट्रकच्या कमानपाट्यातूनच घडतात, आणि तिथला लोहार अख्खं पातं पाण्यात बुडवत नाही, तापलेल्या पात्याच्या फक्त धारेवर किटलीनं पाणी सोडतो. त्यानं धार कडक होते आणि पाठ मऊ राहते, म्हणून ती घाव सोसते. आपला लोहार कोयत्याला पाणी देतो तेव्हा त्याला हे हातानं कळत असतं, त्याला 'फक्त धारेला' एवढंच सांगा.

पाटा मात्र वापरून मोडलेला घेऊ नका, त्यात डोळ्याला न दिसणाऱ्या चिरा असतात आणि त्या पाणी देताना उघडतात. नवा तुकडा आणून द्या. धार काढताना ग्राइंडरवर पातं निळं पडू द्यायचं नाही, हात भाजेल एवढं तापलं की पाण्यात बुडवायचं, निळं झालं म्हणजे तेवढ्या जागेचा कडकपणा गेला, वरून कितीही चमकू दे. तयार झाल्यावर धारेवर कानस फिरवा. कानस लोण्यासारखी घुसली तर पाणी बसलेलं नाही, म्हणजे धार कडक झालेली नाही, पुन्हा करायला लावा, जेमतेम धरून घसरली तर बरोबर. मूठ बाभळीची, तीन रिव्हेटची, जवसाच्या तेलात दोन दिवस बुडवून ठेवलेली. आणि ऊसतोडीचा हंगाम सुरू व्हायच्या आधी जा, एकदा कोयते पाजवायला यायला लागले की त्या माणसाला मान वर करायला सवड नसते, आणि असल्या कामाला घाई चालत नाही.