परदेशी सेमिस्टरला निघण्याआधी

निवड झाली, मनापासून अभिनंदन! आता बॅगेच्या आधी क्रेडिटचं बघ. युरोपात जाणार असशील तर एका सेमिस्टरचे साधारण ३० ईसीटीएस (म्हणजे तिकडची क्रेडिट्स) धरतात, आणि एका क्रेडिटमागे २५ ते ३० तासांचा अभ्यास. तिकडे पोचल्यावर ठरवलेले विषय बरेचदा बदलावे लागतात: दोन तासिका एकाच वेळी येतात, नाहीतर वर्ग भरलेला असतो. माझा एक विषय असाच बदलला. इथल्या सरांना फक्त फोनवर विचारलं, आणि परत आल्यावर तो विषय गुणपत्रिकेवर चढवायला चार महिने खेटे घालावे लागले. त्यामुळे बदल झाला की त्याच दिवशी ईमेलवर मंजुरी घे. विषयाच्या अभ्यासक्रमाची पीडीएफही जपून ठेव.

बाकी थोडक्यात:
- स्वीकृतीपत्र हातात पडलं की लगेच व्हिसाच्या मागे लाग.
- खोली व्हिडिओवर तरी बघितल्याशिवाय अनामत पाठवू नकोस.
- पहिल्या महिन्याचा खर्च वेगळा ठेव. बँक खातं उघडायला वेळ लागतो.

आणि सुरुवातीचे दोन आठवडे आपल्याच भाषेच्या घोळक्यात घालवू नकोस, ओळखी तेव्हाच होतात. मध्येच एखाद्या संध्याकाळी फार एकटं वाटेल. तसं झालं तर एक्सचेंजचं काम बघणाऱ्या कोऑर्डिनेटरशी बोल, अजिबात संकोच करू नकोस.