ईएसपी३२ ला जोडलेल्या एलईडी पट्टीचे शेवटचे दिवे पांढऱ्याऐवजी लालसर का दिसतात?

जिन्यासाठी तुम्ही १५० दिव्यांची पाच मीटर लांब डब्ल्यूएस२८१२बी पट्टी (जिच्या प्रत्येक दिव्याचा रंग वेगळा ठरवता येतो) लावली आहे आणि ती ईएसपी३२ या प्रोग्राम करता येणाऱ्या छोट्या मायक्रोकंट्रोलर बोर्डाने चालवता. तिचा पहिला मीटर स्वच्छ पांढरा दिसतो, शेवटाकडे रंग पिवळट आणि मग लालसर होत जातो, शिवाय मधूनच काही दिवे भलत्याच रंगात चमकून जातात, तेव्हा प्रोग्राममध्ये काय चुकले, असा तुमचा प्रश्न आहे. माझ्या मते दोष प्रोग्राममध्ये शोधू नये. या दोन वेगळ्या तक्रारी आहेत आणि दोन्हींचे मूळ जोडणीत आहे.

प्रत्येक दिव्यात लाल, हिरवा आणि निळा असे तीन एलईडी असतात आणि पूर्ण पांढऱ्या प्रकाशासाठी ते मिळून सुमारे ६० मिलिअँपिअर घेऊ शकतात. म्हणजे १५० दिव्यांची मागणी ९ अँपिअरपर्यंत जाते. एवढा प्रवाह पट्टीतल्या तांब्याच्या पातळ थरातून वाहताना व्होल्टेज वाटेतच घटत जाते. निळ्या आणि हिरव्या एलईडीला सुमारे ३ व्होल्ट लागतात, लाल मात्र २ व्होल्टच्या आसपास पेटतो, म्हणून टोकाकडे निळा आधी मंदावतो, मागोमाग हिरवा, आणि शेवटी लाल तेवढा उरतो. खात्री करायची असेल तर ब्राइटनेस एक चतुर्थांशावर आणून पाहा. रंग सुधारला तर निदान पक्के झाले.

उपाय असा की, त्याच ५ व्होल्टच्या पॉवर सप्लायपासून जाड तारांची जोडी पट्टीच्या दुसऱ्या टोकालाही न्यावी, आणि जमल्यास मध्यावरही. हा प्रवाह ईएसपी३२ च्या बोर्डातून कधीही नेऊ नये. १० अँपिअरचा सप्लाय बारीक तारेला धोकादायक तापवू शकतो, त्यामुळे प्रत्येक जोडीवर तारेला साजेसा फ्यूज अवश्य बसवा. जिना घरातल्या सर्वांच्या वापराचा असतो. जिन्याला पूर्ण ब्राइटनेसची गरजही नसते. प्रोग्राममध्ये असे दिवे चालवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या फास्टएलईडी लायब्ररीत कमाल प्रवाहाची मर्यादा घालून देता येते, ती घालावी.

आता भलत्या रंगांविषयी. या दिव्यांना स्वतंत्र क्लॉक, म्हणजे वेळेचा ताल देणारा वेगळा सिग्नल, मिळत नाही, १.२५ मायक्रोसेकंदांच्या एका बिटमध्ये सिग्नल किती वेळ वर राहिला, एवढ्यावरूनच ते शून्य की एक हे ठरवतात. डेटाशीटप्रमाणे (उत्पादकाच्या माहितीपत्रकाप्रमाणे) ‘वर’ म्हणजे दिव्याच्या पुरवठ्याच्या किमान ०.७ पट, म्हणजे ५ व्होल्टवर ३.५ व्होल्ट, आणि ईएसपी३२ देतो ३.३. बऱ्याचदा तरीही काम भागते, आणि म्हणूनच हा दोष लवकर ध्यानात येत नाही. दिवा आपले २४ बिट ठेवून घेतो आणि उरलेला सिग्नल नव्याने घडवून पुढच्याला देतो, त्यामुळे खरी अडचण फक्त पहिल्या दिव्यापाशी असते. तिथे ३.३ व्होल्टचा सिग्नल ५ व्होल्टपर्यंत चढवणारी ७४एएचसीटी१२५ ही चिप ५ व्होल्टवर चालवून मध्ये घालणे हा माझ्या दृष्टीने सर्वांत भरवशाचा मार्ग आहे. ती मिळत नसेल तर पहिल्या दिव्याचा ५ व्होल्टचा पुरवठा बाकी पट्टीपासून वेगळा करून १एन४००१ डायोडमधून द्या. मग त्या दिव्याला सुमारे ४.३ व्होल्ट मिळतात, ‘वर’ सिग्नलची त्याची गरज ३ व्होल्टवर येते आणि त्याचा आउटपुट दुसऱ्या दिव्याला पुरतो.

पट्टीच्या तोंडाशी डेटा तारेत ३३० ओहमचा रेझिस्टर आणि पुरवठ्यावर १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असावा. कपॅसिटरची उलटसुलट बाजू नीट पाहून लावा. ईएसपी३२, सप्लाय आणि पट्टी यांचा ग्राउंड एकच हवा, आणि तो सर्वांत आधी जोडून सर्वांत शेवटी काढावा. मी एकदा पट्टीचा पुरवठा बंद ठेवून डेटा चालू केला आणि पहिला दिवा गमावला. तसे तुमच्याकडून झालेच तर संपूर्ण पट्टी टाकून देऊ नका. तेवढा एक दिवा खुणेवर कापून काढा आणि तारा पुढच्या दिव्याला सोल्डर करा.