उलटं ठेवलेलं पान कानाला कसं कळतं?

प्रश्न : नाना, नमस्कार. माझं वय 47. काचबिंदूने दोन वर्षांपूर्वी उरलीसुरली नजरही गेली. आमचं गाव शहादा तालुक्यात, प्रकाशाच्या अलीकडे. वडील प्राथमिक शिक्षक होते, त्यांची दोन लोखंडी कपाटं भरून पुस्तकं माझ्याकडे आहेत. लेक रोज अर्धा तास वाचून दाखवते, पण तिची यंदा बारावी. तिचा आवाज थकला की मीच म्हणते, पुरे गं. भाच्याने एक पातळ स्कॅनर आणून लॅपटॉपला जोडून दिला आणि सुटी संपली म्हणून निघून गेला. एनव्हीडीए, म्हणजे पडद्यावरचं बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर, मी महिनाभर शिकले, टाइप करता येतं. पहिलं पान स्कॅन केलं तर नुसती इंग्रजी अक्षरं, आकडे, उद्गारचिन्हं. दुसऱ्या पानावर वाक्यं लागत होती, पण प्रत्येक ओळीचा शेवट गायब, आणि 'खरं'चं 'रवरं', 'खूप'चं 'रवूप'. पुस्तक काचेवर सरळ आहे की उलटं, हे मला दिसल्याशिवाय कळणार कसं? की हा नाद सोडू?

उत्तर : ताई, नाद सोडायचा की नाही ते पुढच्या महिन्यात ठरवा. आधी तुमच्या त्या दोन पानांबद्दल बोलू, कारण तुम्ही न विचारता त्यांनीच उत्तर दिलंय.

पहिलं पान उलटं होतं. डोकं खाली, पाय वर. देवनागरीचं पान उलटं झालं की शिरोरेघ अक्षरांच्या बुडाशी जाते आणि स्कॅनमधली अक्षरं ओळखणारं सॉफ्टवेअर भांबावतं. भाच्याने मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषा लावून ठेवल्या असणार, म्हणून ते सापडेल तिथून इंग्रजी अक्षरं गोळा करतं. असं ऐकू आलं की विचार करत बसू नका, पुस्तक अर्धं फिरवा आणि पुन्हा स्कॅन करा.

दुसरं पान सरळ होतं. ते पुस्तकातलं डावीकडचं पान होतं, म्हणजे त्याचा क्रमांक सम असणार. कसं? डाव्या पानाच्या ओळींचा शेवट शिवणीकडे येतो, उजव्या पानाच्या ओळींची सुरुवात शिवणीकडे येते. तुमचे शेवट गेले, म्हणजे शिवणीकडची बाजू काचेला टेकली नव्हती. यूएसबीवर चालणारे हे पातळ स्कॅनर काचेला चिकटलेलंच नीट पकडतात, दोन-तीन मिलिमीटर कागद वर उचलला गेला की अक्षर धूसर होतं. जुने जाडजूड, आत आरसे आणि भिंग असलेले स्कॅनर उचललेलं पानही बऱ्यापैकी पकडायचे. माझा पहिला तसाच होता, दगडासारखा जड.

आणि 'रवरं' ही तर चूकच म्हणू नका. ख छापतातच र आणि व शेजारी चिकटवल्यासारखा. छपाईत तो सांधा जरा तुटला की यंत्राला दोन अक्षरं दिसतात. पंधरा दिवसांत तुमचा कान 'रवूप'चं 'खूप' आपोआप करून घेईल, बघा.

आता हाताचं काम. लेकीकडून दोन टिकल्यांची पाकिटं मागून घ्या, त्या फुगीर खड्यांच्या. स्कॅनरच्या चौकटीवर एका कोपऱ्याशी बाणाची खूण असते, पानाचा वरचा कोपरा तिथे लागतो. तो कोपरा लेकीला एकदा विचारा आणि तिथे चौकटीवर टिकली लावा. काचेवर नको. मग प्रत्येक पुस्तकाच्या पहिल्या कव्हरवर, वरच्या बाजूला, अशीच एक. पुस्तकामागे लेकीचं काम एवढंच, पाच सेकंदांचं. कपाटातली सगळी पुस्तकं एका रविवारी टिकल्या लावून घ्या. पुस्तकाचं डोकं टिकलीवरून कळतं, मग फक्त पालथं घालायचं राहतं. वाचायची बाजू खाली, भाकरी तव्यावर टाकतो तशी.

स्कॅनर टेबलाच्या मध्यावर ठेवू नका, कडेला आणा. ज्या पानाचं स्कॅन करायचं ते काचेवर, आणि पुस्तकाचा दुसरा अर्धा भाग कडेवरून खाली लोंबकळू द्या. शिवण कडेवर मोडते, त्यामुळे पान सपाट बसतं. झाकण उघडंच राहील, राहू द्या. डाव्या हाताचा तळवा शिवणीवर आडवा, बोटं पसरून, आणि दाब हळूच वाढवत जायचा. उजव्या हाताने कीबोर्ड. मोटर जाते तेव्हा एक लांब घर्र येतो, परत येताना आवाज आखूड होतो आणि शेवटी बारीकशी ठक. ती ठक ऐकू येईपर्यंत तळवा हलवायचा नाही. मी सुरुवातीला घर्र थांबला की हात काढायचो, आणि प्रत्येक पानाच्या शेवटच्या दोन ओळी पाण्यात पडल्यासारख्या यायच्या. महिनाभर मी स्कॅनरला शिव्या घातल्या. खिडकीतून ऊन येत असेल तर पुस्तकावर एक जाड काळं कापड टाका, नाहीतर उघड्या झाकणातून उजेड शिरतो आणि समासाकडची अक्षरं पुसट होतात. आपल्याला ऊन दिसत नाही, पण हाताला लागतं. हात गरम लागला की कापड टाका.

पंख्याचं सांगायला हवं, कारण ते कुणी सांगत नाही. मे महिन्यात आमच्या जळगावात पारा 44-45 ला टेकतो तेव्हा पंखा बंद करून स्कॅन करणं म्हणजे तपश्चर्याच. पण पंख्याखाली पानं आपणच उलटतात, आणि तुम्ही 61 स्कॅन केलं असं समजता तेव्हा 63 झालेलं असतं. मी पहाटे साडेपाचला बसतो. शहाद्याकडेही ऊन काही कमी नसतं, तुम्हीही पहाटच धरा.

सेटिंग एकदाच करून ठेवायचं : 300 डीपीआय (म्हणजे एका इंचात 300 ठिपके) आणि ग्रेस्केल (म्हणजे करड्या छटा). रंगीत नको, फाइल फुगते. नुसतं काळं-पांढरं नको, पिवळ्या कागदावर निम्मी अक्षरं गळतात. फार बारीक टाइप असेल तर 400. कुणी 600 सांगितलं तर हो म्हणा आणि 300 च ठेवा. कागद पातळ असेल आणि मागची छपाई पुढे डोकावत असेल, म्हणजे ऐकताना मधेच भलतेच शब्द घुसत असतील, तर पानाच्या मागे काळा कार्डशीट सरकवा. शाळेच्या प्रोजेक्टला आणतात तोच.

सॉफ्टवेअरला पैसे घालू नका. नॅप्स-टू नावाचं फुकट सॉफ्टवेअर एनव्हीडीएबरोबर चालतं. त्यात ठरावीक सेकंदांनी आपोआप पुढचं स्कॅन घेण्याची सोय आहे, म्हणजे दर पानाला बटण शोधावं लागत नाही. मी अंतर बारा सेकंदांचं ठेवलंय, तुम्ही पंचविसापासून सुरू करा. अक्षरं ओळखायला त्याच्या पोटात टेसरॅक्ट आहे. ते मूळचं ह्यूलेट-पॅकार्ड कंपनीत 1985 ते 1994 या काळात तयार झालं आणि 2005 मध्ये सगळ्यांसाठी खुलं झालं. त्यात मराठी भाषा वेगळी उतरवून घ्यावी लागते, हे भाच्याकडून फोनवर करून घ्या, आणि पुस्तक निव्वळ मराठी असेल तर इंग्रजीची खूण काढून टाका. निम्मा कचरा तिथेच जाईल. इंटरनेट चांगलं असेल तर दुसरी वाट गूगल ड्राइव्हची : दहा-दहा पानांची पीडीएफ चढवायची आणि ती गूगल डॉक्समध्ये उघडायची, मजकूर होऊन येतो. जोडाक्षरांत माझ्या अनुभवाने हे सरस ठरतं. पण तिथे एका पानाचा मजकूर दुसऱ्या पानाला चिकटतो, परिच्छेदांचा काला होतो.

पहिल्या दिवशी दहाच पानं करा आणि ती दहा पूर्ण ऐका. हे मी कळकळीने सांगतोय. भुसावळला बँकेत टेलिफोन ऑपरेटर होतो तेव्हा एका सहकाऱ्याकडून आणलेली कादंबरी मी दोन रात्रींत 140 पानं स्कॅन केली, एकही पान न ऐकता. तिसऱ्या दिवशी ऐकायला बसलो तर प्रत्येक पानावर वरून चौथ्या-पाचव्या ओळीत, अगदी त्याच जागी, एक शब्द फुटलेला. नायिका कुणाचा तरी हात धरते, आणि कुणाचा ते फुटलेलं! काचेवर बोट फिरवलं तेव्हा चिकट लागलं. आमचा धाकटा केळीच्या वावरातून येऊन तसाच स्कॅनरला टेकला होता. केळीचा चीक ओल्या फडक्याने निघत नाही, बरं का. तेव्हापासून बसण्याआधी कोरड्या बोटाने काच चारही कोपऱ्यांपर्यंत तपासतो.

पूर्ण पुस्तक झालं की आधी फक्त पानांचे क्रमांक ऐकत जा. 47 नंतर 50 आलं तर पानं चिकटली होती. लगेच कळलं तर पुस्तक हाताशी असतं, सहा महिन्यांनी कळलं तर नसतं.

तुमच्या वडिलांच्या पुस्तकांत आणखी एक गंमत भेटेल. 'नांव', 'कांहीं', 'घरांत' असं एनव्हीडीए नाकातून वाचायला लागलं तर स्कॅनरला दोष देऊ नका. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम 1962 चे, त्याआधीच्या पुस्तकांत हे अनुस्वार छापलेलेच आहेत. मी एकदा अख्खं प्रकरण बसून 'सुधारलं' होतं. नंतर एका निवृत्त मुख्याध्यापकांनी ऐकलं आणि विचारलं, हे कुणी बिघडवलं?

आणि चुका दुरुस्त करण्यात दिवस घालवू नका. स्वतःला ऐकायचंय ना? मग अर्थ लागला की पुढे चला. मी नव्वद टक्के पुस्तकं तशीच, अडखळत ऐकलेली आहेत.

प्रश्न : मी अमळनेरचा, पूर्ण अंध, एम. ए.चा विद्यार्थी. वाचनालयातून आणलेलं पुस्तक स्कॅन करायला बसलो तर तिथल्या बाईंना कळलं आणि त्या म्हणाल्या, हा गुन्हा आहे. खरंच आहे का? आणि स्कॅन केलेलं मित्राला देता येतं का?

उत्तर : गुन्हा नाही, बेटा. कॉपीराइटचा कायदा 1957 चा. त्यात 2012 मध्ये दुरुस्ती झाली आणि कलम 52 मध्ये आपल्यासाठी जागा झाली. छापील पुस्तक ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी ते वाचता येईल अशा रूपात करणं, आणि तशाच दुसऱ्या व्यक्तीला स्वतःच्या वापरासाठी, अभ्यासासाठी देणं, याला मुभा आहे. पुढे 2013 मध्ये मोरोक्कोतल्या मराकेशला याच विषयावर आंतरराष्ट्रीय करार झाला, आणि 2014 मध्ये त्याला मान्यता देणारा पहिला देश भारत. हे बाईंना शांतपणे सांग. भांडू नकोस, उद्या परत पुस्तक त्यांच्याकडूनच घ्यायचंय.

मित्र अंध असेल तर दे. वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकू नकोस. तिथे डोळस मुलंही आहेत, आणि त्यांच्यासाठी ही मुभा नाही. स्कॅन करण्याआधी सुगम्य पुस्तकालयात शोध, हे ऑनलाइन ग्रंथालय 2016 पासून सुरू आहे. दिव्यांग प्रमाणपत्रावर सभासद होता येतं. तुझं पुस्तक तिथे आधीच असलं तर दोन संध्याकाळी वाचतील.

प्रश्न : नाना, आमच्या आजोबांनी अहिराणी म्हणींची बत्तीस पानांची छोटी पुस्तिका छापली होती. बाबांना आता दिसत नाही. मी ती फोनने फोटो काढून मजकूर करू पाहतो, पण फार चुका येतात. स्कॅनरच घ्यावा का? (धुळे)

उत्तर : बत्तीस पानांच्या पुस्तिकेसाठी स्कॅनर कशाला? फोन पुरतो. दोन्ही बाजूंना चार-चार पुस्तकांची चवड रचा, वर काचेचं ताट नाहीतर पट्टी आडवी ठेवून फोन त्यावर टेकवा, म्हणजे उंची हलत नाही. फ्लॅश बंद ठेवा, गुळगुळीत कागदावर त्याचा पांढरा डाग पडतो.

पण चुका फोनच्या नाहीत. यंत्र मराठी वाचून शिकलंय, त्याला अहिराणी कुठून येणार? 'तुले' (म्हणजे तुला) दिसलं की ते 'मुले' करतं. माझ्या एका म्हणीत तर 'माले' (म्हणजे मला) चं 'माळे' झालं आणि अख्खी म्हण फुलांची झाली. 'शे' (म्हणजे आहे) तर कधी 'हे' होतं, कधी गळूनच जातं. इथे मात्र मी वर ताईंना सांगितलं त्याच्या उलट सांगेन. ही पुस्तिका तशीच सोडू नका. बाबांना समोर बसवा, एकेक ओळ फोनला वाचू द्या आणि बाबा म्हणतील ते टाइप करा. त्यांना तोंडपाठ असणार. बत्तीस पानं, चार रविवार.

आणि बाबा स्वतः फोनने करून बघणार असतील तर त्यांना एक आठवण द्या. मी एकदा रात्री दहाला चाळीस पानांचे फोटो काढले, कोपरे बोटांनी मोजून, अगदी मन लावून. सगळे काळेकुट्ट. घरची मंडळी झोपताना दिवा मालवून गेली होती, आणि मला सांगायचं कुणाला सुचलं नाही. आता बसण्याआधी भिंतीवरचं बटण चाचपतो, वर आहे की खाली.