जावई रेल्वेत, पण घरी कधी?

प्रश्न : माझी मुलगी संगमनेरला बँकेत क्लार्क आहे. तिला भुसावळचं स्थळ सांगून आलंय. मुलगा रेल्वेत सहायक लोको पायलट, मालगाडीवर. माणसं बरी वाटली. पण आमच्या नात्यात रेल्वेतलं कुणी नाही, गावात तर रेल्वेच नाही. लोक नाना गोष्टी सांगतात. कधी घरी नसतो, बदल्या होतात, ड्रायव्हर लोक पितात, पेन्शन मात्र भक्कम. तुमचे यजमान इंजिनावर होते, म्हणून विचारते. पुढे जावं का?
– एक आई, संगमनेर

उत्तर : ताई, सोपं आधी उरकते. पिण्याचं मनातून काढा. ड्युटीवर चढताना आणि उतरताना, दोन्ही वेळा लॉबीत, म्हणजे त्यांच्या हजेरीच्या ऑफिसात, दारू पकडणाऱ्या मशीनमध्ये फुंकावं लागतं. आदल्या रात्रीची उतरली नसेल तरी ते बोंबलतं आणि प्रकरण नोकरीवर येतं. सगळे माळकरी आहेत असं नाही म्हणत मी, पण पिणारा या कामात फार टिकत नाही.

बदलीचं म्हणाल तर त्यांची सीनियॉरिटी डिव्हिजनमध्येच, म्हणजे रेल्वेच्या त्या विभागातच धरतात, उगाच मुलूखभर फिरवत नाहीत. बदली मागायची ती तुमच्या मुलीला. तिच्या बँकेची भुसावळात शाखा आहे का, बदली मिळायला किती वर्षं लागतात, हे साखरपुड्याआधी बघा. आणि पेन्शनची भक्कम गोष्ट आमच्या पिढीची. १ जानेवारी २००४पासून लागलेल्यांना एनपीएस, म्हणजे बाजारावर अवलंबून असलेली पेन्शन आहे, १ एप्रिल २०२५पासून यूपीएसचा, म्हणजे हमीच्या पेन्शनचा पर्याय आलाय. मुलाने काय निवडलंय ते सरळ विचारा, त्यात लाजायचं काही नाही.

राहिलं 'घरी कधी असतो'. अहो, घरी तो बराच असतो. झोपलेला असतो!

मेल-एक्स्प्रेसवाल्यांना लिंक असते, कुठल्या दिवशी कुठली गाडी ते आधी माहीत असतं. मालगाडीला तसं काही नाही. गाडी तयार झाली की कॉल. आमच्या वेळी कॉल बॉय सायकलवर वही घेऊन यायचा आणि खिडकीखाली उभा राहून हाक मारायचा. सही आमच्याकडून, झोपमोड सगळ्या लाइनीची. आता मोबाइल वाजतो, एवढाच फरक. मग तो रात्री एकला वाजेल, नाहीतर भरल्या ताटावर. आठ तासांच्या वर ड्युटी झाली असेल तर घरी सोळा तास रेस्टचा नियम आहे. ऐकायला पुष्कळ वाटतं. त्यात जेवण, अंघोळ, गॅसचा नंबर, पोराची पालकसभा, आणि पुढची रात्र जागायची म्हणून भरदुपारी झोपही काढायची.

ती झोप राखणं ही आमच्या घरातली दुसरी नोकरी होती. बिनपगारी, आणि ती माझी. भुसावळचा उन्हाळा तुम्हाला ऐकून माहीत असेल. खिडकीला जुनी गोधडी खिळ्यांनी ठोकलेली, बेलचं बटण बंद. ते झोपलेले असताना मी कुकर लावत नसे. तूरडाळ भिजत घालून पातेल्यात शिजवायची, तासभर लागला तरी चालेल. मोरीत जुनं पोतं अंथरलेलं, भांडी त्यावर ठेवायची, म्हणजे आपटत नाहीत. मुलांचा अभ्यास मागच्या ओट्यावर. रेल्वे कॉलनीत हे कुणाला सांगावं लागत नाही, शेजारणीच्या घरीही कुणीतरी रात्रीचं येऊन पडलेलं असतं. नव्या सोसायटीत ड्रिल मशीन चालू असतं आणि बंद करा म्हटलं की भांडण. म्हणून क्वार्टर मिळत असेल तर गळकं का असेना, सुरुवातीला तेच घ्यावं, असं माझं मत.

झोपेचं एवढं कौतुक कशाला, असं माझ्या नणंदेलाही वाटायचं. आता इंजिनात यंत्र असतं, चालकाने मिनिटभर कशालाच हात लावला नाही तर ते इशारा देतं, तरी दाद दिली नाही तर ब्रेक लावतं. पण रात्री साडेतीनला समोरचा सिग्नल बघून चालक आणि सहायक दोघांनी मोठ्याने बोलायचा असतो, ते डोळे उघडे असले तरच. लाल सिग्नल ओलांडला तर चौकशी, आणि नोकरीही जाऊ शकते. देशातल्या पहिल्या महिला रेल्वेचालक, साताऱ्याच्या सुरेखा यादव ३६ वर्षं गाड्या चालवून २०२५मध्ये निवृत्त झाल्या. सगळे त्यांच्या धाडसाचं बोलत होते. माझ्या मनात पहिलं आलं ते हे, की यांच्या दुपारच्या झोपेला घरात कुकर कोण बंद ठेवत असेल?

सणांचं मुलीला आधीच सांगून ठेवा. पाडव्याला मी यांना पहाटे तीनला ओवाळलंय, युनिफॉर्म घालून बूट चढवायला बसले होते तेव्हा. लक्ष्मीपूजन किती वेळा एकटीने केलं ते मोजलं नाही. सण आपल्या सोयीने आदल्या-दुसऱ्या दिवशी करायला शिकलं की फारसं अडत नाही.

एक गोष्ट मात्र कुणी सांगणार नाही, म्हणून मी लिहिते. कधीतरी गाडीखाली माणूस येतो. भरलेली मालगाडी ब्रेक मारला म्हणून जागेवर उभी राहत नाही, आणि समोरचं सगळं दोघांना दिसतं. त्या दिवशी तो घरी येतो, हात बराच वेळ धुतो, जेवत नाही. खोदून विचारायचं नाही आणि एकटंही सोडायचं नाही. मी जवळ बसून काहीतरी निवडत राहायची, शेंगा नाहीतर मेथी. दुसऱ्या दिवशी आपण होऊन बोलायचे. एकदा तेही बोलले नाहीत, तेव्हा मीच मागे लागून रेल्वेच्या दवाखान्यात नेलं.

तेव्हा ताई, मुलाच्या पगाराची चौकशी थोडक्यात करा. किलोमीटरवर भत्ता मिळतो, पैशाला कमी नाही. मुलाला विचारा, स्वयंपाक येतो का. आमचे हे लाइन बॉक्समध्ये, म्हणजे ड्युटीच्या पेटीत, तांदूळ, डाळ, तिखटाची पुडी, तेलाची छोटी बाटली नेत, रनिंग रूमचा, म्हणजे बाहेरगावच्या त्यांच्या विश्रांतीच्या जागेचा, खानसामा शिजवून देई. त्यामुळे घरी कधी गॅस पेटवला नाही. नोकरी करणाऱ्या बायकोला हे परवडायचं नाही.

मुलीला विचारा, रात्री घरात एकटी राहील का, नळवाल्यापासून डॉक्टरपर्यंत स्वतः बोलेल का, आणि नवरा शेजारी झोपलेला असताना आपला दिवस आपला घालवेल का. तिन्हीला हो आलं तर खुशाल पुढे जा. अडखळली तर तिला महिनाभर विचार करू द्या. स्थळ खरंच चांगलं असेल तर तेवढं थांबतील.

आणि भुसावळला बोलणी करायला जाल तेव्हा रविवार धरून जाऊ नका. त्याचा रेस्ट कधी आहे ते फोनवर विचारा, आणि दुपारी बाराच्या आत दार वाजवू नका.