सिंधू नको, सेनेगल घे

अनेक आशीर्वाद.

तुझी मेल वाचली. नद्यांच्या पाणीवाटपावरच्या प्रबंधासाठी सिंधू करार घ्यायचा म्हणतेस. माझं ऐकशील तर घेऊ नकोस. 1960 चा तो करार म्हणजे भावाभावांची वाटणी. रावी, बियास, सतलज आपल्याकडे. सिंधू, झेलम, चिनाब बव्हंशी पाकिस्तानकडे. युद्धांतही टिकला म्हणून त्याचं भरपूर कौतुक झालं, आणि एप्रिल 2025 मध्ये भारताने तो स्थगित ठेवल्याचं जाहीर केलं. त्यावर लिहिणाऱ्यांची रांग लागली आहे, आणि त्यातले निम्मे पाण्याबद्दल लिहीतच नाहीत.

त्यापेक्षा पश्चिम आफ्रिकेतली सेनेगल नदी घे. साहेलमधल्या, म्हणजे सहाराच्या दक्षिणेकडच्या कोरड्या पट्ट्यातल्या, दुष्काळाच्या काळात, 1972 मध्ये माली, मॉरितानिया आणि सेनेगल यांनी मिळून एक नदीसंघटना उभी केली. तिचं मुख्यालय डाकारला आहे. खरी गंमत पुढे आहे. मालीतलं मनांताली धरण उभं आहे मालीच्या जमिनीवर, पण मालकी तिघांची सामाईक. साठा सुमारे 400 टीएमसी, म्हणजे आपल्या कोयनेच्या जवळजवळ चौपट. कर्ज तिघांच्या नावावर. विजेतला वाटा मालीला 52 टक्के, सेनेगलला 33, मॉरितानियाला 15. 1989 मध्ये सेनेगल आणि मॉरितानिया एकमेकांवर उठले, माणसं मेली, राजनैतिक संबंध तुटले. संघटना मात्र मोडली नाही. सामाईक कर्ज आणि सामाईक भिंत असली की रागाच्या भरात उठून जाता येत नाही, असं मला वाटतं. तू हे तपासून बघ, माझ्या शब्दावर जाऊ नकोस.

हवामानबदलाचा मुद्दाही इथेच नीट उलगडतो. आपला बांगलादेशाबरोबरचा 1996 चा गंगा करार फराक्क्याला दर दहा दिवसांचं पाणी वाटतो, आणि त्याचं कोष्टक 1949 ते 1988 च्या प्रवाहावर बेतलेलं आहे. नदीने जुनी सरासरी सोडली की भांडण ठरलेलंच. सेनेगलच्या 2002 च्या जलसनदेत मात्र कोणत्याही देशाच्या नावावर ठरावीक घनमीटर लिहिलेले नाहीत. शेती, वीज, पिण्याचं पाणी, मासेमारी, नौकानयन अशा वापरांमध्ये वाटप होतं आणि परिस्थिती बघून स्थायी जल आयोग सल्ला देतो. कमी पावसाच्या वर्षी ही लवचीकता कामाला येते. अर्थात अशा वर्षी विजेवाल्यांचं वजन जास्त पडतं की शेतकऱ्यांचं, ते सनद वाचून कळणार नाही. आयोगाच्या बैठकांची इतिवृत्तं मिळव.

आणि भारावून जाऊ नकोस. मुखाजवळचं दियामा धरण 1986 मध्ये झालं ते समुद्राचं खारं पाणी आत शिरू नये म्हणून. खारं पाणी थांबलं, भात आणि ऊस वाढला. पण गोड, संथ पाण्यात गोगलगायी माजल्या आणि 1988 मध्ये सेनेगलमधल्या रिशार-तोल गावात आतड्याच्या बिलहार्झियाचे, म्हणजे या गोगलगायींमार्फत पाण्यातून पसरणाऱ्या कृमिरोगाचे, रुग्ण सापडू लागले. पुढे त्याची मोठी साथ झाली. या गोगलगायी खाणारी नदीतली कोळंबी अंडी घालायला खाऱ्या पाण्याकडे जाते. धरणाने तिची वाटच अडवली. कालव्यात उभं राहून धुणं धुणाऱ्या बायका आणि डुंबणारी पोरं या हिशेबात कुठे होती? नदीकाठी पूर ओसरल्यावर ओल्या गाळात ज्वारी पेरत, आपल्याकडच्या गाळपेरासारखी. पुराला धरणाने लगाम घातल्यावर मनांतालीतून मुद्दाम कृत्रिम पूर सोडावा लागला, आणि पाणी सोडलं की तेवढी वीज गेली. प्रबंधाचा गाभा मला इथे दिसतो.

आणखी एक धागा सोडू नकोस: मुख्य प्रवाह बाफिंग ज्या गिनीत उगम पावतो, तो देश 2006 पर्यंत संघटनेबाहेर होता. का, ते शोध.

फ्रेंच आजपासून सुरू कर, मूळ कागद त्याच भाषेत आहेत. पहिलं टिपण महिन्याभरात पाठव. सोबत खोऱ्याचा नकाशा हवा, हाताने काढलेला चालेल, पण त्यावर दोन्ही धरणं आणि रिशार-तोल जागच्या जागी असू देत.