पॅलेटवर खोकी किती बसतात? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

आमची पॅलेट (माल रचून उचलायचे लाकडी पाट) 1200 × 1000 मिमीची आहेत. हायड्रॉलिक फिटिंगसाठी 400 × 300 चे खोके करून घेतले. क्षेत्रफळाने एका थरात बरोबर 10 बसायला हवेत, पण 8 च्या वर बसतच नाहीत. लावणाऱ्यांची चूक की हिशेबाची? (उद्यमबाग, बेळगाव)

लावणाऱ्यांना बोल लावू नका. टेप घ्या आणि भरलेला खोका बाहेरून मोजा. खोकेवाले बहुधा आतलं माप धरतात. पाच पदरी पुठ्ठ्याची जाडी दोन्ही बाजूंना मिळवली की 400 × 300 चा खोका बाहेरून 410 × 310 च्या आसपास जातो. सगळं बिघडतं ते इथे.

खरोखर 400 × 300 असता, तर 10 बसले असते, तेही सगळे एकाच दिशेने न लावता. एकाच दिशेने लावले तर 9 च बसतात. एक ओळ चार खोक्यांची, 300 ची बाजू पॅलेटच्या लांबीकडे; मग तीन-तीन खोक्यांच्या दोन ओळी, 400 ची बाजू लांबीकडे. खोली 400 + 300 + 300, म्हणजे बरोबर 1000. दहा झाले.

आता 410 × 310 घ्या. 1200 मध्ये जास्तीत जास्त 410 + 410 + 310 = 1130 भरतं. 1000 मध्ये 310 चे तीन, म्हणजे 930. म्हणजे हे खोके आडवे-उभे लावताना तुमचं पॅलेट 1130 × 930 चंच आहे असं समजा. त्याला एका खोक्याच्या क्षेत्रफळाने भागा: 8.27 येतात. नववा कुणालाच बसवता येणार नाही, संगणकालाही नाही.

पाच थर लावले तर पॅलेटवर 50 ऐवजी 40 खोके. चारी बाजूंनी उचलता येणारी अशी 10 पॅलेट 20 फुटी कंटेनरात बसतात. तिथे फरक 100 खोक्यांचा होतो. भाडं मात्र तेवढंच.

पुढची ऑर्डर देताना बाहेरचं माप 395 × 295 लिहून द्या. भरल्यावर खोका थोडा फुगतो, म्हणून ते 5 मिमी सोडायचे. आत जागा कमी पडली तर उंची वाढवा. पॅलेट आधी धरायचं आणि खोका त्यावरून ठरवायचा. आपल्याकडे बहुतेक कारखान्यांत हे उलटं चालतं, आणि ते पाहून मला खरंच वाईट वाटतं.

मी इंजिनिअरिंगला आहे. प्रोजेक्टसाठी पॅलेट भरण्याचा प्रोग्रॅम लिहायचाय. सगळ्या शक्यता तपासायच्या म्हटलं तर संपतच नाहीत. कोणती पद्धत घेऊ? (निपाणी)

आधी ठरवा: सगळी खोकी एकाच मापाची, की वेगवेगळ्या? हे दोन निराळे प्रश्न आहेत. एकाच मापाच्या खोक्यांपासून सुरुवात करा.

वर केलं तसं, पॅलेटच्या प्रत्येक बाजूवर खोक्याच्या दोन मापांच्या बेरजा किती जुळतात त्यांची यादी काढा. खोका सरकवून बघायच्या जागा तेवढ्याच. शक्यतांचा डोंगर तिथेच खाली येतो. मग पॅलेटचे एका सरळ रेषेने दोन भाग करा, त्या भागांचे पुन्हा भाग, आणि काढलेली उत्तरं साठवत चला. बऱ्याच मापांना एवढं पुरतं.

सगळ्यांना नाही. 1100 × 1100 च्या पॅलेटवर 600 × 400 चे खोके घ्या. सरळ रेषेने भाग करत गेलात तर 3 वर अडकता. चार खोकी भिंगरीच्या पात्यांसारखी फिरवून लावा, मधे 200 × 200 चं भोक राहू द्या, 4 बसतात. पाचवा बसत नाही, कारण वापरात येणारी जागा 1000 × 1000 चीच. म्हणून प्रोग्रॅममध्ये चार गटांची भिंगरी घालाच. 1996 साली शायथाउअर आणि टेर्नो या गणितज्ञांनी मांडलेली जी-4 पद्धत याच रचनेवर, गटात पुन्हा गट करत चालते.

एक गोष्ट तुम्हाला आवडेल. एकाच मापाच्या प्रश्नात फक्त चार आकडे (पॅलेटची आणि खोक्याची लांबी-रुंदी) द्यावे लागतात, तरी तो नेमका किती अवघड, हे गणितात अजून सिद्ध झालेलं नाही.

पावसाळ्यात खालच्या थरातले मिठाईचे खोके चेपतात. थप्पी ढळू नये म्हणून आम्ही सांधेमोड करून, एक थर आडवा आणि एक उभा असे लावतो. (गोकाक)

चेपण्याचं मोठं कारण तेच आहे. पुठ्ठ्याच्या खोक्याचं बळ मुख्यतः चार उभ्या कोपऱ्यांत असतं. कोपऱ्यावर कोपरा आला तरच ते वापरात येतं. सांधेमोड केली की वरच्याचा कोपरा खालच्याच्या झाकणावर किंवा कडेच्या मधोमध येतो आणि भार पेलण्याची ताकद सुमारे निम्म्यापर्यंत घटू शकते. त्यात दमट हवेने कागद मऊ पडतो. खोका पॅलेटच्या बाहेर आला तर तिथला कोपरा अधांतरी राहतो, म्हणजे तोही गेलाच.

खालचे सगळे थर कोपऱ्याला कोपरा लावा, फक्त सगळ्यात वरचा एखादा थर फिरवा. ढळण्याची भीती आहे तर बाहेरून स्ट्रेच फिल्म गुंडाळा, तिचा पहिला वेढा पॅलेटच्या लाकडालाही घ्या. फळ्यांच्या फटींवर पुठ्ठ्याचा तक्ता टाका. एका थरात दोन खोके कमी बसले तरी चालतील. चेपलेला माल परत येण्यापेक्षा ते स्वस्त.

आमचा टेम्पो चोर्ला घाटातून गोव्याला जातो. आठ-दहा दुकानांचा माल, सगळी खोकी वेगवेगळ्या मापांची. आधी काय चढवू? (खानापूर)

शेवटच्या दुकानाचा माल आधी, आत. वेगवेगळ्या मापांच्या खोक्यांसाठी झटपट आणि अचूक अशी दोन्ही गुणांची पद्धत कुणाकडे नाही, त्यामुळे साधा नियम धरा: प्रत्येक दुकानाच्या मालात मोठं आणि जड खाली, हलकं वर, आणि दोन्ही बाजूंचं वजन सारखं. वळणावर आधी घसरतो तो मोकळ्या फटीजवळचा खोका. फटीत रिकामी पोती कोंबा आणि दर दुकानी माल उतरवल्यावर उरलेल्याला पुन्हा दोरी आवळा.