तीन हिऱ्यांचा गृहध्वज?

एका अनुवादक मैत्रिणीने विचारलं आहे : "जपानी जहाज कंपन्यांवरच्या लेखात 'हाउस फ्लॅग' सारखा येतो. मी 'गृहध्वज' केलंय, आणि मित्सुबिशीसाठी 'तीन हिऱ्यांचा गृहध्वज'. चालेल का?"

माझ्या मते दोन्ही शब्द बदलावेत. 'हाउस' म्हणजे इथे राहतं घर नव्हे, व्यापारी पेढी. जहाजाच्या मागच्या टोकाला देशाचा झेंडा असतो आणि डोलकाठीवर मालक कंपनीचा. हा तो दुसरा. जपानी शब्द आहे 'शाकी' : 'शा' म्हणजे कंपनी, 'की' म्हणजे निशाण. त्यात घर कुठेच नाही. मी 'पेढीचा बावटा' लिहीन. 'ध्वज' म्हटलं की सरकारी समारंभ डोळ्यांसमोर येतो. बावटा मात्र नारळी पौर्णिमेला सजवलेल्या होडीवरही फडकतो, आणि कोंकणीत तर झेंड्याला 'बावटो'च म्हणतात. 'लाल बावटा' म्हटलं की पक्ष आठवतो हे खरं, पण जहाजाचा विषय चालू असताना तसा घोटाळा होणार नाही.

आता हिरे. 'मित्सु' म्हणजे तीन आणि 'हिशी' म्हणजे शिंगाडा, आपण उपवासाला खातो त्याच जातकुळीतला. समासात 'हिशी'चं 'बिशी' होतं. शिंगाड्यावरून जपानीत तिरप्या चौकोनाला 'हिशी' म्हणू लागले. हिरा आला तो इंग्रजीतून. आपण पत्त्यांत 'चौकटचा राजा' म्हणतो, हिऱ्यांचा राजा म्हणत नाही. तेव्हा 'तीन शंकरपाळ्यांचं चिन्ह' म्हणावं. जपान्यांनी आकाराला शिंगाड्याचं नाव दिलं, आपण शंकरपाळ्याचं; दोघांनाही खाण्यातलीच वस्तू सुचली, याचा मला फार आनंद वाटतो.

या चिन्हात घराण्याचा संबंध मात्र खरंच आहे. संस्थापक इवासाकी यातारो यांच्या कुळचिन्हातल्या एकावर एक रचलेल्या तीन शंकरपाळ्या आणि तोसा प्रांताच्या यामाउची सरदारांची तीन ओकची पानं, या दोन्हींतून ते घडलं. पण म्हणून सगळ्याच कंपन्यांना 'घराण्याचं निशाण' लावता येणार नाही. निप्पॉन युसेन काइशा ही जहाज कंपनी १८८५ साली जन्मली ती मित्सुबिशीचा जहाज व्यवसाय आणि त्याची कट्टर स्पर्धक क्योदो उन्यु यांच्या विलीनीकरणातून. तिचा बावटा पांढरा, त्यावर दोन आडव्या लाल रेघा. दोन कंपन्या एक झाल्याची ती खूण.

त्या बावट्याचं जपानी नाव 'निबिकी'. 'नि' म्हणजे दोन, आणि 'बिकी' आलं 'हिकु' या क्रियापदावरून. 'हिकु' म्हणजे ओढणे. दोरी ओढायची तीही 'हिकु', रेघ ओढायची तीही 'हिकु'. अगदी मराठीसारखं! इंग्रजीतून अनुवाद करताना नुसत्या 'टू स्ट्राइप्स' दिसतात आणि हा धागा सुटून जातो. मी 'दोन रेघा ओढलेला बावटा' असंच लिहीन. 'दोन पट्ट्यांचा' नको.

या कंपनीचा मुंबईशी जुना संबंध आहे. परदेशी जहाज कंपन्यांची कापूस वाहतुकीवरची मक्तेदारी मोडायला जमशेटजी टाटांनी तिच्याशी हातमिळवणी केली, आणि नोव्हेंबर १८९३ मध्ये 'हिरोशिमा मारू' हे तिचं जहाज जपानमधल्या कोबेहून मुंबईकडे निघालं. लेखात हा प्रसंग आला, तर वाक्य असं करून बघ : "दोन लाल रेघा ओढलेला पेढीचा बावटा डोलकाठीवर चढवून जहाज मुंबईकडे निघालं."